एफआयआर झाली... पुढे काय?

चोरी, मारहाण, फसवणूक. गुन्हा आपल्यावर होतो आणि केस मात्र सरकारची. या केसमध्ये आपण नेमके कोण? नवे फौजदारी कायदे आणि ते बनवणाऱ्या सभागृहांच्या दारातून मारलेली एक चक्कर.

लोकलमध्ये मोबाइल मारला गेलाय कधी तुमचा? किंवा एका ओटीपीसरशी अकाउंट साफ? मग पुढचा सीन तुम्हाला पाठ असेल. पोलीस ठाण्यातलं बाकडं, ‘साहेब राउंडला गेलेत’ हे उत्तर, तीन जणांना तीनदा सांगितलेली तीच स्टोरी आणि शेवटी हातात पडलेला एक कागद. कागदावर एक नंबर. ऑफिसात कोणी विचारलंच तर आपण सांगतो, ‘कम्प्लेंट केलीय.’ झालं! फोनची दोन मॉडेल्स बदलतात, नोकरी बदलते, त्या नंबरचं काय झालं हे आपण विचारत नाही आणि आपल्याला कोणी सांगत नाही.

आता केसचं नाव बघा. ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक अमुक’. मार खाल्लात तुम्ही, पैसे गेले तुमचे आणि नावात तुम्ही कुठेच नाही. यामागे एक विचार आहे, आणि तो वाईट नाहीये. गुन्हा हा एकट्यादुकट्याचा नसून सगळ्या समाजाविरुद्धचा, म्हणून खटला सरकार चालवणार. गरिबाला वकिलाची फी परवडत नाही म्हणून गुन्हेगार सुटायला नको. सूडाचं कामही घरच्यांच्या हातात जायला नको. सगळं मान्य. पण या व्यवस्थेत ज्याचं नुकसान झालं, तो माणूस फक्त साक्षीदार उरला. बोलावलं की यायचं, विचारलं तेवढंच बोलायचं आणि घरी जायचं.

फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘पीडित’ कोणाला म्हणायचं याची व्याख्या लागू झाली ३१ डिसेंबर २००९ला. त्याआधी विधी आयोगाने १९९६ मध्ये आपल्या १५४व्या अहवालात नुकसानभरपाईच्या योजनेची शिफारस केली होती. २००३ मध्ये न्यायमूर्ती मळीमठ समितीने सांगून झालं होतं की, पीडिताला खटल्यात स्थान द्या. २००८ मध्ये दुरुस्ती झाली, २००९च्या शेवटच्या दिवशी ती अमलात आली. व्याख्या, भरपाईची योजना आणि निकालाविरुद्ध अपील करण्याचा हक्क, तिन्ही एकदम आले.

वीकएन्डला संसद!

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधान, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा ही तिन्ही जुनी पुस्तकं गेली. त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. अनुक्रमे ३५८, ५३१ आणि १७० कलमं. या कायद्यांची तपासणी कोणी, किती आणि कशी केली, हे बघायला मी एक अख्खा वीकएन्ड संसदीय समितीच्या अहवालांवर घालवला. हसू नका. सीरियलपेक्षा जास्त ट्विस्ट आहेत तिथे.

तारखा बघा. ११ ऑगस्ट २०२३ला तिन्ही विधेयकं लोकसभेत मांडली गेली आणि गृहखात्याच्या स्थायी समितीकडे गेली. या समितीत ३१ खासदार असतात, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. अध्यक्ष होते खासदार ब्रिज लाल, उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक. बैठका बंद दाराआड. पत्रकारांना प्रवेश नाही. पण अहवाल मात्र सगळ्यांसाठी खुला. नोव्हेंबरमध्ये तो आला, विरोधी सदस्यांच्या असहमतीसकट. १२ डिसेंबरला सरकारने जुनी विधेयकं मागे घेऊन सुधारित मांडली. २० डिसेंबरला लोकसभेत मंजूर, २१ला राज्यसभेत. २५ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते. म्हणजे दीडशे वर्षांच्या वारशाची पुस्तकं बदलताना समोरची बाकं बरीचशी रिकामी होती.

मग समितीने काय केलं? काही कामाच्या गोष्टी नक्कीच केल्या. पहिल्या मसुद्यात वेडसरपणाच्या बचावासाठी ‘मानसिक आजार’ असा शब्द होता. समितीने म्हटलं, हा फार पसरट आहे. मूड स्विंग्जपासून सगळं त्यात बसेल. दुसऱ्या मसुद्यात तो बदलला. किरकोळ गुन्ह्यांसाठी ‘समाजसेवा’ ही नवी शिक्षा आणली होती, पण समाजसेवा म्हणजे काय हे सांगितलंच नव्हतं. समितीने बोट ठेवलं आणि व्याख्या आली. दोन्ही गोष्टी छोट्या वाटतात. पण उद्या कोर्टात उभं राहिल्यावर याच शब्दांवर माणूस सुटतो किंवा अडकतो.

काही सूचना मात्र बाजूला पडल्या. समितीचं म्हणणं होतं की, जुन्या कलम ३७७ मधला संमतीविना केलेल्या कृत्याचा भाग नव्या कायद्यात ठेवा. ठेवला नाही. परिणाम? न्याय संहितेत बलात्काराची व्याख्या पीडित स्त्री असेल तरच लागू होते. म्हणजे ३७७ गेल्यावर एखाद्या तरुणावर किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर असा अत्याचार झाला, तर दुखापत, डांबून ठेवणं अशी कलमं शोधत बसायची. समितीने हे लिहून दिलं होतं. अहवालाच्या पानावर ते आजही आहे.

आणि घाईचा दुसरा नमुना तर तुम्ही पेट्रोल पंपाच्या रांगेत उभं राहून अनुभवलाय. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला १० वर्षांपर्यंत शिक्षा, असं कलम १०६(२) आलं. जानेवारी २०२४च्या सुरुवातीला ट्रकवाल्यांनी देशभर चक्का जाम केला. फेब्रुवारी २०२४च्या अधिसूचनेत कायद्याच्या अंमलबजावणीची तारीख जाहीर झाली, पण हे एक कलम सोडून! जी चर्चा सभागृहात व्हायला हवी होती, ती हायवेवर झाली.

चिकित्सा आपल्या मुंबईतली

विधिमंडळाच्या भाषेत अशा समितीला ‘चिकित्सा समिती’ म्हणतात. शब्द मस्त आहे. डॉक्टरने पेशंट तपासावा तसं विधेयक तपासायचं. आपल्याकडचं ताजं उदाहरण ‘शक्ती’ विधेयकाचं. डिसेंबर २०२० मध्ये ते विधानसभेत आलं. आंध्र प्रदेशच्या ‘दिशा’च्या धर्तीवर, स्त्रिया आणि मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी कडक शिक्षा, अगदी फाशीपर्यंत, आणि १५ कामकाजी दिवसांत तपास पूर्ण. टाळ्यांची वाक्यं होती.

पण महिला संघटना आणि वकील म्हणाले, थांबा. बलात्काराला आणि खुनाला शिक्षा सारखीच ठेवली, तर गुन्हेगार तिला जिवंत कशाला सोडेल? १५ दिवसांत घाईघाईने केलेला तपास कोर्टात टिकेल का? खोट्या तक्रारीला शिक्षेची धमकी दिली, तर खरी मुलगी तरी पोलीस ठाण्याची पायरी चढेल का? विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. वर्षभर तपासणी झाली, तपासाची मुदत ३० दिवसांवर आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ते मंजूर झालं. सगळे आक्षेप काही मिटले नाहीत. पुढे ते राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी दिल्लीला गेलं. मंजुरी आली नाही, आणि जुलै २०२४ मध्ये ज्या दंड विधानात दुरुस्ती करायची होती ते पुस्तकच रद्द झालं.

याच्या कितीतरी आधी, आपल्याच राज्यातल्या एका आदिवासी मुलीच्या केसने देशाचा कायदा हलवला होता. १९७२, विदर्भातलं पोलीस ठाणं. ‘मथुरा खटला’ म्हणून तो ओळखला जातो. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं, तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. आंदोलन पेटलं, १९८० मध्ये विधेयक आलं, ते संसदेच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि १९८३ मध्ये दुरुस्ती झाली. वेळ लागला. पण कोठडीतल्या बलात्काराची कलमं त्यातूनच आली.

‘मग प्रत्येक वेळी तीन वर्षं थांबायचं का?’ असं माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधला एक जण विचारतो. मुळीच नाही. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर २३ डिसेंबर २०१२ला न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली. तिच्याकडे ८० हजारांच्या आसपास सूचना आल्या आणि २३ जानेवारी २०१३ला अहवाल तयार! ऐकायचं ठरवलं तर महिनाभरातसुद्धा ऐकता येतं.

आता एक आकडा. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था संसदेच्या कामाचा हिशोब ठेवते. तिच्यानुसार १५व्या लोकसभेत (२००९-१४) ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली. १७व्या लोकसभेत (२०१९-२४) फक्त १६ टक्के. ऑफिसात साधं प्रेझेंटेशनसुद्धा दोन जणांच्या नजरेखालून गेल्याशिवाय क्लायंटकडे जात नाही, राव!

नव्वद दिवसांचा हिशोब

या सगळ्याचा तुमच्या-माझ्याशी संबंध काय? सांगते. माझी एक सहकारी आहे. नाव नको म्हणाली. रात्री रिक्षाने घरी जात होती. बाइकवरून दोघं आले, खांद्यावरची बॅग खेचली. ही बॅगेबरोबर रस्त्यावर. मनगट मोडलं, प्लेट बसवावी लागली. दीड महिना टायपिंग बंद, घरून काम करायचं म्हटलं तर लॅपटॉप बॅगेतच गेलेला. घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेली, तर पहिलं वाक्य, ‘मॅडम, हे आमच्या हद्दीत येत नाही.’ तिच्या भावाने तिथेच मोबाइलवर नव्या संहितेचं कलम १७३ उघडून दाखवलं. गुन्हा कुठेही घडो, माहिती नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. यालाच झीरो एफआयआर म्हणतात. नोंद झाली.

मग शांतता. फोन केला की ‘तपास चालू आहे, काही असलं तर कळवू.’ नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३ सांगतं की, तपास कुठवर आलाय हे पोलिसांनी तक्रारदाराला किंवा पीडिताला ९० दिवसांच्या आत कळवायचं. एसएमएस, ईमेल काहीही चालेल. तिचे शंभर दिवस उलटले होते. आम्ही लंच ब्रेकमध्ये बसून वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे पाच ओळींचा साधा अर्ज लिहिला. गुन्हा क्रमांक, तारीख, कलम आणि ‘कृपया प्रगती कळवावी’. दोन आठवड्यांत मोबाइलवर उत्तर आलं. सीसीटीव्ही तपासले, आरोपी मिळून आले नाहीत.

इथे बहुतेक जण हात टेकतात. अशा वेळी आपल्याकडे पोलीस कोर्टात ‘ए समरी’ पाठवतात. म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. फाइल बंद. मात्र फाइल बंद करण्याआधी मूळ तक्रारदाराला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगून ठेवलंय. आणि कलम ३९६ त्याच्याही पुढे जातं. आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करू शकतो. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची. कुठल्या इजेला किती रक्कम, हे राज्याच्या योजनेतल्या तक्त्यावर ठरतं. बॅग आणि लॅपटॉपची किंमत तिथे मिळत नाही. योजना माणसाच्या पुनर्वसनासाठी आहे.

तिने अर्ज केलाय. निर्णय यायचाय. प्राधिकरणाच्या ऑफिसातल्या बाईंनी तिला बसवून घेतलं आणि विचारलं, ‘हात आता कसा आहे? कामावर किती दिवस जाता आलं नाही?’ ती मला म्हणाली, ‘पैसे मिळोत न मिळोत गं, इतक्या महिन्यांत हे पहिल्यांदा कोणीतरी विचारलं.’

पुस्तकात काय आलं, काय राहिलं

नव्या संहितेत पीडितासाठी आणखीही बरंच आहे. ‘पीडित’च्या जुन्या व्याख्येत ज्याच्यावर आरोप ठेवला गेलाय असा आरोपी असण्याची अट होती, ती गळली. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर कोर्टाने आधी पीडिताचं ऐकायला हवं. पीडिताच्या वतीने वकील असेल, तर आरोपपत्राच्या प्रती त्यालाही मिळणार. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक हॉस्पिटलने ताबडतोब मोफत उपचार करायचे. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना प्रत्येक राज्याने करायची. आपल्या महाराष्ट्राने तर त्यासाठी २०१७ मध्येच वेगळा कायदा केलाय. शिवाय २०२२ मध्ये लखीमपूर खिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचा जामीन रद्द करताना म्हटलं की, तपासापासून अपिलापर्यंत पीडिताला आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क आहे.

आता दुसरी बाजू. ९० दिवसांत कळवायचं, ठीक. पण नाही कळवलं तर? कलम १९३ त्याबाबत गप्प आहे. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात, ‘केस बनते का’ हे बघायला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दखलपात्र गुन्ह्याची एफआयआर सक्तीची केली होती. त्याला पडलेली ही एक खिडकी. तिचा वापर खोट्या केसेस गाळण्यासाठी होईल, की तक्रारदाराला दमवण्यासाठी? हा प्रश्न कोणीतरी सभागृहात विचारायला हवा. त्यासाठी आपल्या आमदार-खासदाराला तो माहीत हवा, आणि त्यासाठी आपण तो त्यांच्यापर्यंत पोचवायला हवा.

हे वाटतं तितकं अवघड नाहीये. चिकित्सा समित्या बऱ्याचदा जाहीर सूचना मागवतात. राज्याच्या जनसुरक्षा विधेयकावर २०२५ मध्ये संयुक्त समितीकडे १२ हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या होत्या. म्हणजे लिहिणारे लोक आहेत. त्यात पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसलेल्यांची संख्या वाढायला हवी. तुमचा अनुभव, तारीख, काय अडलं, काय हवं. एक पान पुरे. आपण रेस्टॉरंटच्या थंड सूपवर याहून मोठा रिव्ह्यू लिहितो.

कापून पर्समध्ये ठेवा

● तातडीची मदत: ११२. महिलांसाठी हेल्पलाइन: १८१.

● ऑनलाइन फसवणूक: १९३०. पहिला तास महत्त्वाचा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येऊ शकतात.

● मोफत कायदेशीर मदत आणि भरपाईची माहिती: राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण, १५१००. जिल्हा प्राधिकरणाचं ऑफिस बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.

● एफआयआरची प्रत मोफत मिळते. मागा. ऑनलाइन तक्रार दिली असेल तर ३ दिवसांत जाऊन सही करा, नाहीतर ती नोंदवली जाणार नाही.

● कॅलेंडरमध्ये ९०व्या दिवसाचा रिमाइंडर लावा. उत्तर नाही आलं तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

● उपचारांची बिलं, रजेची नोंद, फोटो एका फाइलमध्ये ठेवा. भरपाईच्या अर्जाला हेच लागतं.

● लैंगिक अत्याचार किंवा ॲसिड हल्ला झालेल्या स्त्रिया आणि मुलांसाठी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना २०१३ पासून आहे. मदत १० लाखांपर्यंत.

आणि संसदेचं किंवा विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की एकच गोष्ट बघा. नवं फौजदारी विधेयक समितीकडे गेलं, की थेट मतदानाला? बातमीत ती एक ओळ असते, बहुतेक वेळा आतल्या पानावर.